घरी बसवलेलं पाणी-मेथेनॉल इंजेक्शन: सकाळी मिसिंग, घाटात नॉकिंग, आणि दोन्हींच्या मुळाशी एकच एनआरव्ही (एकाच दिशेनं वाहू देणारी झडप)

काही सकाळी गाडी सुरू केली की पहिले वीस-तीस सेकंद ती मिसिंग मारते. आयडलिंग डगमगतं, सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि स्पिरिटसारखा वास येतो, कधीकधी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०३०० हा मिसिंगचा कोड दिसतो. मग सगळं आपोआप जाग्यावर येतं. दुसरी तक्रार दिसायला अगदी वेगळी: घाटात थांबून परत निघालं की पहिल्याच जोराला इंजिन टकटक करतं, दोन-तीन सेकंद ताकद जाते, आणि त्यानंतर दिवसभर काहीही होत नाही. दोन्हींवर काहीतरी केलं की महिना-दीड महिना शांतता, आणि मग पुन्हा तेच.

माझ्या गाडीत हे जवळपास आठ महिने चाललं. इंजिनात जाणाऱ्या हवेत पाणी-मेथेनॉलची फवारणी घरी बसवलेल्या टर्बो गाडीला यातलं एक जरी लक्षण असेल, तर कॉइल आणि प्लग बदलण्याआधी गाडी रात्री कुठल्या उतारावर आणि कुठे तोंड करून उभी होती ते आठवून पाहा.

आधी मांडणी सांगतो. गाडी चाकणला तयार झालेली १.२ लिटरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, रीमॅपनंतर (इंजिनाच्या संगणकातली मांडणी बदलल्यावर) सुमारे १३० अश्वशक्तीची. स्टेपनी काढून त्या खड्ड्यात पाच लिटरची एचडीपीई प्लॅस्टिकची टाकी ठेवली होती. तिच्या शेजारी १२ व्होल्टचा डायफ्राम पंप, बॅटरीवरच्या फवारणी पंपात असतो त्याच जातीचा, १०० पीएसआयचा, म्हणजे जवळपास ७ बार. तिथून पुढे ६ मिलिमीटरचा नायलॉन पाइप, आतला व्यास ४ मिलिमीटर, लांबी चार मीटर. इंटरकूलरच्या पुढे आणि थ्रॉटलच्या (इंजिनाच्या हवेच्या मुख्य झडपेच्या) आधी पितळी नोझल. बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, अर्ध्या बारवर गेलं की प्रेशर स्विच रिलेला इशारा देतो आणि पंप चालू होतो. द्रव म्हणजे निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं मेथेनॉल.

नोझल किती मोठं घ्यावं याचा हिशेब सोपा आहे. एवढ्या ताकदीला पूर्ण जोरात मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर पेट्रोल लागतं. त्याच्या १० ते १५ टक्के द्रव ही सुरुवातीला सुरक्षित मात्रा. म्हणून मिनिटाला १०० मिलिलिटरच्या आसपास सोडणारं नोझल घेतलं आणि ते खरंच तेवढं सोडतं का हे बाटली आणि घड्याळ घेऊन मोजलं. पाकिटावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका; तो कुठल्या दाबाला मोजलाय ते बहुधा लिहिलेलंच नसतं.

हे सगळं कशासाठी करायचं, हेही थोडक्यात सांगतो, कारण पुढचं निदान त्यावरच उभं आहे. बाहेर ३५ अंश असताना टर्बोनं हवा १ बारनं दाबली की ती १३० अंशांच्या आसपास तापते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, पण एप्रिलमध्ये कात्रजच्या चढावर, गाडीचा वेग कमी आणि भार जास्त असताना, तोही थकतो. हवा गरम राहिली की मिश्रण ठिणगीनंतर भलत्याच कोपऱ्यात आपोआप पेटतं. तेच नॉकिंग. पाण्याची सुप्त उष्णता किलोमागे २२५७ किलोज्यूल, मेथेनॉलची ११०० च्या आसपास, पेट्रोलची जेमतेम ३५०. म्हणजे थंड करण्याचं मोठं काम पाणी करतं; अल्कोहोल थोडं थंड करतं, ऑक्टेन वाढवतं आणि स्वतः जळून इंधनाचा वाटा उचलतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन लढाऊ विमानांत वापरलेलं एमडब्ल्यू-५० हे मिश्रण याच तत्त्वावरचं, निम्मं मेथेनॉल आणि जवळपास निम्मं पाणी. तेव्हा युक्ती जुनी आणि पक्की आहे. पण फवारा आहे असं धरून इंजिनाचा टायमिंग पुढे नेला (ठिणगी लवकर पाडायला लावली) असेल, तर फवारा दोन सेकंद उशिरा येणं म्हणजे ती दोन सेकंदं इंजिन उघडं पडणं.

आता चुकीच्या वाटा. मिसिंगसाठी मी आधी स्पार्क प्लग बदलले, मग एक इग्निशन कॉइल. गॅरेजमध्ये इंजेक्टर साफ करून दिले. पेट्रोलमधल्या इथेनॉललाही दोष देऊन झाला. प्रत्येक वेळी काही दिवस बरं वाटायचं. घाटातल्या नॉकिंगसाठी प्रेशर स्विच बदलला, रिले बदलला, पंपाला जाड वायर टाकली. गॅरेजवाल्या दादांनी दोनदा गाडी दिवसभर ठेवून घेतली, पण तिथे ती कधीच बिघडली नाही. तिथली जमीन सपाट आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

वळण मिळालं ते भिंतीवरच्या कालनिर्णयामुळे. वैतागून मी रोज तारखेच्या चौकोनात लिहायला लागलो: सकाळी मिसिंग झालं की नाही, आदल्या दिवशी किती चालवली, टाकीत किती होतं. एका रविवारी आमच्या इमारतीचे वॉचमन काका सहज म्हणाले, "दादा, तुम्ही गाडी खाली तोंड करून लावता ना, त्याच दिवशी ती सकाळी खोकते." मी सहकारनगरला राहतो. आमची गल्ली तळजाईच्या टेकडीवरून सातारा रस्त्याकडे उतरते. जागा मिळेल तशी गाडी लावायची. कधी तोंड टेकडीकडे, कधी सातारा रस्त्याकडे. त्या दिवसापासून चौकोनात एक बाण काढायला लागलो, वर किंवा खाली. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. सकाळचं मिसिंग प्रत्येक वेळी खालच्या बाणानंतर. आणि घाटातलं नॉकिंग? जुन्या कात्रज घाटात मी चहाला थांबतो तिथे गाडी नेहमी चढाकडे तोंड करून उभी असते.

एकाच बिघाडाची ही दोन रूपं होती, फक्त उताराची दिशा उलटी.

सपाट जमिनीवर माझं नोझल जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर होतं आणि टाकीतल्या द्रवाची पातळी ५५ वर. नोझल वीस सेंटिमीटर वर, म्हणून आपोआप काही वाहत नव्हतं. पण नोझल आणि टाकी यांच्यात आडवं अंतर तीन मीटरचं. दहास एक असा उतार असेल तर तीन मीटरमागे तीस सेंटिमीटरचा फरक पडतो. तोंड खाली असलं की नोझल टाकीच्या पातळीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली जातं, आणि द्रव पंपातून वाट काढत रात्रभर थेंबथेंब इनटेकच्या पाइपात पाझरतो. डायफ्राम पंपाच्या झडपा पुढच्या दिशेला उघडणाऱ्याच असतात. त्या हा प्रवाह थोडा अडवतात, थांबवत नाहीत. तोंड वर असलं की नोझल पन्नास सेंटिमीटर उंच जातं, पंपाच्या झडपांत जरा कचरा अडकलेला असला की पाइपातला द्रव मागे टाकीत उतरतो आणि नोझलच्या भोकातून हवा आत येते. चार मीटर पाइपात मावतं ५० मिलिलिटर. तेवढी हवा नोझलमधून निघून जाईपर्यंत फवारा येत नाही. हे मोजायला नोझल काढून बाटलीत धरलं, पंपाला थेट बॅटरी दिली. भरलेल्या पाइपानं तत्काळ फवारा. रात्रभर चढाकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या गाडीत अडीच सेकंदांनी. घाटात टकटक व्हायची तेवढाच वेळ.

टाकीच्या अंगावर स्केचपेननं रेघ मारली आणि दोन रात्री तोंड खाली करून गाडी लावली. दोन्ही सकाळी रेघेखाली साधारण ४० मिलिलिटरची घट. थ्रॉटलच्या आधीचा रबरी कोपर काढला तर त्यात द्रव साचलेला.

इथे क्षणभर थांबा, कारण हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १.२ लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३०० मिलिलिटर. दाबगुणोत्तर १० असेल तर पिस्टन वर आल्यावर शिल्लक राहणारी जागा जेमतेम ३३ मिलिलिटर. द्रव दाबला जात नाही. तेवढा द्रव एकाच सिलिंडरमध्ये गेला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. माझ्या गाडीत तो पाइपात पसरून वाफेवाटे आणि थोडाथोडा ओढला गेला, म्हणून नुसत्या मिसिंगवर निभावलं. सकाळी स्टार्टर अर्ध्यावर अडकल्यासारखा थांबला, तर दुसऱ्यांदा चावी फिरवू नका. बॅटरी काढा, प्लग काढा, इनटेकचा कोपर रिकामा करा आणि मगच इंजिन हातानं फिरवून पाहा.

दुरुस्ती का टिकत नव्हती

हा पाझर आणि पाइपातल्या द्रवाचं मागे उतरणं, दोन्ही अडवायलाच एनआरव्ही असतो, आणि तो माझ्या मांडणीत पहिल्या दिवसापासून होता. एक नाही, आठ महिन्यांत तीन झाले. पहिला प्लॅस्टिकचा, माशांच्या टाकीच्या हवेच्या नळीला लावतात तसला. तो काही आठवड्यांत तडकला. मग इंधनाच्या लाइनला लावतात तो धातूचा घेतला. लावल्यावर दोन्ही तक्रारी गायब. सहा आठवड्यांनी परत. कचरा अडकला असेल म्हणून तसलाच तिसरा नवा आणला. पुन्हा सहा आठवडे.

तिसरा उघडून त्यातली ओ-रिंग तळहातावर घेऊन बसलो होतो तेव्हा समोरच्या इमारतीतले काका आले. त्यांचं आयुष्य भोसरीत पंपांच्या सीलमध्ये गेलंय. त्यांनी रिंग बोटांत दाबून पाहिली आणि विचारलं, "कशाचं रबर आहे रे हे?"

"वायटन आहे काका, चांगलं महागातलं. पेट्रोलला चालतं."

"पेट्रोलला चालतं म्हणून मेथेनॉललाही चालेल, हे तुला कोणी सांगितलं? फुगलीये बघ ही. ईपीडीएम घाल."

तेच खरं निघालं. साधं वायटन पेट्रोल, डिझेल, ऑइलला उत्तम, पण मेथेनॉलमध्ये फुगतं. ईपीडीएमचं बरोबर उलट: पेट्रोल आणि ऑइलमध्ये खराब होतं, पाणी आणि अल्कोहोलमध्ये टिकतं. ब्रेक ऑइलच्या सिस्टिममध्ये ईपीडीएमची सील असतात ती याच स्वभावामुळे. काकांच्या सांगण्यावरून नवी वायटनची रिंग काचेच्या बरणीत माझ्याच मिश्रणात आठवडाभर ठेवली. बरणीला झाकण लावून, चिठ्ठी चिकटवून, घराबाहेर माळ्यावर. व्हर्नियरनं मोजल्यावर २.६ मिलिमीटरची जाडी २.८ झाली होती. एवढ्याशा फुगण्यानं एनआरव्हीचा दट्ट्या आपल्या खोबणीत अडकतो आणि केसभर उघडा राहतो. नवीन बसवला की रबर कोरडं, म्हणून काम चोख. मग फुगत फुगत सहा आठवड्यांत बाद. मी प्रत्येक वेळी बिघडलेला भाग बदलत होतो आणि बिघाडाचं कारण पुन्हा नव्यानं बसवत होतो.

आता काय बसवलं आहे

दुकानात नुसता "एनआरव्ही द्या" म्हणालात तर मिळेल तो हातात येईल. तीन गोष्टी विचारून घ्या: बॉडी कशाची, सील कशाचं, आणि किती दाबाला उघडतो. मी घेतलेला स्टेनलेस स्टीलचा, ईपीडीएम सीलचा, सुमारे १ बारला उघडणारा आहे. भोसरीत न्यूमॅटिक आणि हायड्रॉलिक फिटिंग विकणाऱ्यांकडे चौकशी करा. गाडीच्या स्पेअरपार्टवाल्यांकडे सीलचं रबर विचारून उत्तर मिळणं अवघड.

१ बारच का? पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास असतो. इंजिननं कितीही ओढलं तरी त्याहून जास्त ओढ तयारच होऊ शकत नाही. उतारावरच्या दहा सेंटिमीटर द्रवाचा दाब तर ०.०१ बारसुद्धा नाही. दोन्ही मिळूनही १ बारची स्प्रिंग उघडत नाही. ती फक्त पंप उघडतो. ज्यांनी नोझल थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डमध्ये बसवलंय त्यांना हे दुप्पट लागू आहे. तिथे आयडलिंगला आणि पाय काढल्यावर जोरदार निर्वात असतो, त्यामुळे सपाट रस्त्यावरसुद्धा द्रव ओढला जातो आणि सिग्नलला उभं असताना मिसिंग होतं. थ्रॉटलच्या आधी बसवलं तर निदान ही ओढ टळते.

स्प्रिंगची किंमत मोजावी लागते. पंपाचे ७ बार, त्यातून बूस्टचा १ बार वजा, म्हणजे नोझलला ६ मिळत होते. आता एनआरव्हीचा आणखी एक गेला, राहिले ५. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जातो, त्यामुळे तो साधारण नऊ टक्क्यांनी घटतो. मी पंपाच्या स्विचचा स्क्रू थोडा आवळून दाब वाढवला आणि पुन्हा बाटलीत मोजलं. हे न करता गेलात तर घाटात तुमची मात्रा कमी पडेल आणि नवा एनआरव्ही खराब आहे असं वाटेल.

तो नोझलच्या जितका जवळ बसेल तितका चांगला. माझा वीतभर अंतरावर आहे. बाणाची दिशा नोझलकडे. पाइप मुद्दाम दुधी रंगाचा नायलॉन घेतला, काळा नाही, कारण त्यातून बुडबुडे दिसतात. आठ महिने मला न दिसलेली गोष्ट त्या पाइपात एका सकाळी दिसली असती.

बसवण्याआधी एनआरव्ही तपासायला औषधाच्या दुकानातली २० मिलिलिटरची सिरिंज पुरते. नळीचा तुकडा जोडून नोझलच्या बाजूनं ओढा: सिरिंजचा दट्ट्या मागे येऊन सोडल्यावर परत जाग्यावर गेला पाहिजे. मग त्याच बाजूनं पाण्यासकट दाबा: एक थेंबही पलीकडे जाता कामा नये. दर महिन्याला हीच परीक्षा. दोन मिनिटांचं काम आहे.

ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी नॉर्मली क्लोज्ड (वीज मिळाली तरच उघडणारा) सोलेनॉइड व्हॉल्व्ह नोझलजवळ लावून पंपाच्याच रिलेवर जोडावा. त्यातलं सीलही ईपीडीएमचंच मागा, आणि कॉइलच्या दोन टोकांवर डायोड लावायला विसरू नका, नाहीतर रिलेचे पॉइंट जळत राहतील.

त्यानंतर टाकीच हलवली. खरं सांगायचं तर हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं, आणि ते मिसिंगमुळे नाही. हॅचबॅकच्या डिकीतली हवा आणि मागच्या सीटवरची हवा एकच असते. आई एकदा मागे बसून सासवडला आली तेव्हा दिवे घाट चढताना म्हणाली, "अरे, गाडीत दवाखान्यासारखा वास येतोय." टाकीचं झाकण घट्ट होतं, पण हवा जायचं भोक आतच उघडं होतं. आता टाकी पुढे, बंपरच्या आत, टर्बो आणि एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूला आहे. श्वासनळी गाडीच्या खाली सोडली आहे. पातळी नोझलच्या खाली पस्तीस सेंटिमीटर, आडवं अंतर मीटरभराच्या आत, त्यामुळे गाडी कुठेही तोंड करून लावली तरी नोझल टाकीच्या खाली जात नाही. पाइप चार मीटरचा सव्वा मीटर झाला, त्यात मावणारा द्रव ५० वरून १५ मिलिलिटरवर आला. एनआरव्ही उद्या पुन्हा बिघडला तरी नुकसान लहान राहील.

मेथेनॉलबद्दल

हे विष आहे, आणि महाराष्ट्रात ते विष म्हणूनच नियंत्रित आहे. परवाना असलेल्या विक्रेत्याकडूनच, नोंद करून घ्यायचं. मुंबईत मालवणीला २०१५ च्या जूनमध्ये शंभरहून अधिक माणसं मेली ती मेथेनॉलनं. ते पोटातून तर जातंच, कातडीतून आणि श्वासातूनही जातं. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, उघडी जागा, एवढं नसेल तर मिश्रण करू नका. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका. घरात मुलं असतील तर अजिबातच नाही. चुकून गेलं तर लक्षणांची वाट पाहू नका: डोकेदुखी, मळमळ, धूसर दिसणं हे काही तासांनी सुरू होतं, आणि तोवर डोळ्यांचं नुकसान झालेलं असू शकतं. सरळ मोठ्या रुग्णालयात जा आणि "मेथेनॉल" हा शब्द सांगा.

त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. निम्मं पाणी घातलं तरी पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्याची वाफ पेट घेऊ शकते. डिकीत मोकळा कॅन ठेवून फिरणं बंद करा.

मी स्वतः आता मेथेनॉल सोडून आयसोप्रोपिल अल्कोहोलवर आलो आहे, ४० टक्के, बाकी पाणी. तेही ज्वालाग्राही आहे आणि वास येतो, पण मेथेनॉलइतकं विषारी नाही. थंड करण्याचं मोठं काम पाणीच करतं, त्यामुळे फरक फार जाणवला नाही. घरातली माणसं ज्या गाडीत बसतात तिच्यात माझं मत स्पष्टपणे याच बाजूनं आहे. हँड सॅनिटायझर मात्र वापरू नका. त्यात ग्लिसरिन असतं, जेलवाल्यात घट्ट करणारा पदार्थही असतो, आणि दोन्ही नोझलमध्ये आणि झडपांत बसतात.

उरलेलं थोडक्यात

पाणी डिस्टिल्डच. बॅटरीत घालायचं मिळतं ते. टँकरचं किंवा बोअरचं पाणी वापरलंत तर नोझलच्या भोकात पांढरा क्षार बसतो आणि त्याचेच कण पंपाच्या झडपांत अडकतात. माझ्या पंपाच्या झडपा गळायला लागल्या त्या सुरुवातीच्या दोन महिन्यांत वापरलेल्या नळाच्या पाण्यानं. आरओचं पाणी बरं, पण त्यातही क्षार शिल्लक असतात. क्षार बसलेलं नोझल कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून त्यात रात्रभर ठेवलं की साफ होतं. तार किंवा सुई घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि फवाऱ्याची धार होते. पंपाच्या आधी बारीक जाळीचा फिल्टर हवाच.

टाकी, पाइप किंवा जोड ॲल्युमिनियमचे नकोत. मेथेनॉल ते खातं.

फवारा न आल्यास इंजिनला ते कळलं पाहिजे. माझ्याकडे पंपानंतर दुसरा प्रेशर स्विच आहे: पंप चालू असूनही दाब नसेल तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो आणि बूस्ट कंट्रोलचा सोलेनॉइड बंद होऊन बूस्ट मूळ पातळीवर उतरतं. टाकीत फ्लोट स्विचही तसाच जोडला आहे. अमेरिकेत १९६२ साली आलेल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरला कारखान्यातूनच पाणी-मेथेनॉलची टाकी होती आणि ती रिकामी झाली की बूस्ट आपोआप मर्यादित व्हायचं. साठ वर्षांपूर्वीच्या गाडीत जी काळजी घेतली होती ती आपल्या घरच्या जोडणीत नसावी, हे मला पटत नाही. या दिव्याशिवाय फवाऱ्याच्या भरवशावर टायमिंग पुढे नेऊ नका. पंपाला स्वतंत्र फ्यूज, बॅटरीच्या जवळ.

आणि कायदा: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे बदल करता येत नाहीत. वॉरंटी तर जातेच, विम्याचा दावाही अडू शकतो. रस्त्यावरच्या गाडीवर हे करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोन्हींकडे विचारून घ्या.

नवा एनआरव्ही आणि नवी टाकी बसवून आता पाच महिने झाले. मधे पावसाळा गेला. गेल्या रविवारी मुद्दाम जुन्या कात्रज घाटात त्याच चहाच्या टपरीपाशी, चढाकडे तोंड करून, गाडी चाळीस मिनिटं उभी ठेवली. निघाल्याबरोबर तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण जोर दिला आणि स्कॅनरवर टायमिंग बघत राहिलो. पूर्वी इथे कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा टायमिंग नॉकिंगमुळे सात-आठ अंश मागे जायचा. या वेळी चौघांचाही जागेवर राहिला. रात्री घरी येऊन गाडी सातारा रस्त्याकडे तोंड करून लावली, टाकीवर नवी रेघ मारली. सकाळी पातळी रेघेवरच होती.